वळणावर गाडी ताब्यात: नजर, वेग, हँडल आणि ब्रेक यांचा टप्प्याटप्प्याने सराव

वळणावर दुचाकी बाहेर फेकली जाते, समोरच्या लेनमध्ये घुसते किंवा कडेच्या खडीत उतरते, तेव्हा दोष बहुधा टायरवर ढकलला जातो: ग्रिप सुटली. बऱ्याचदा ग्रिप शिल्लकच असते. वेग जरासा जास्त झालेला असतो, चालवणारा दचकतो, नजर कडेला खिळते, हात आखडतात आणि जी गाडी अजून बरीच झुकली असती ती झुकवलीच जात नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालात, दुसरं वाहन नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांना चालवणाऱ्याची चूक कारणीभूत होती. नेहमीच्या चुका म्हणजे जास्त ब्रेक दाबून घसरणं, किंवा वेग जास्त ठेवल्यामुळे वा गाडी पुरेशी न वळवल्यामुळे वळणाबाहेर जाणं. तेव्हापासून टायर आणि ब्रेक खूप सुधारले, पण डोळे आणि हात तेच आहेत. त्यामुळे या लेखात गुडघा रस्त्याला टेकवण्याच्या गोष्टी नाहीत. वाहता रस्ता, अनोळखी वळण आणि साधी गाडी एवढंच गृहीत धरलं आहे, आणि वाहतूक डावीकडून चालते असं मानलं आहे.

आधी गाडी

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी ठेवा. मागे कोणी बसणार असेल तर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो वापरा. सरळ रस्त्यांवरच फिरलेला टायर मधोमध सपाट होतो. अशी गाडी झुकायला आधी नकार देते आणि मग एकदम कलंडल्यासारखी झुकते. खोबण्या शिल्लक दिसत असल्या तरी घाटात जाण्याआधी असा टायर बदललेला बरा. नवा टायर घातला असेल तर पहिले १००-१५० किलोमीटर सांभाळून, हळूहळू झुकाव वाढवत चालवा.

पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकत असेल तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलं आहे, आणि त्या गाडीवर पुढचा कुठलाच सराव नीट होणार नाही. चेन सैल असेल तर थ्रॉटल (अॅक्सिलरेटरची मूठ) उघडताना-मिटताना झटका बसतो. सरळ रस्त्यावर तो जाणवतही नाही, झुकलेल्या गाडीला मात्र तो हादरवतो. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर असे फिरवून घ्या की बोटं ठेवल्यावर मनगट वाकू नये आणि हाताची रेष सरळ राहावी.

हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट सरावाच्या मैदानातही हवेत. सरावातच माणूस जास्त पडतो.

बसणं: हँडल हे धरून लोंबकळायचं ठिकाण नाही

गुडघ्यांनी टाकी दाबून धरा, पावलांचा पुढचा भाग फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) ठेवा, पाठ सैल आणि कोपरं किंचित वाकलेली. शरीराचा भार पायांवर आणि मांड्यांवर हवा, तळहातांवर नको. चाचणी सोपी आहे: चालत्या गाडीवर, ब्रेक दाबत असतानाही, कोपरं वरखाली हलवून पाहा. हलत नसतील तर तुम्ही हँडलवर टेकला आहात. टेकलेल्या हातांनी दिलेली प्रत्येक सूचना गाडीपर्यंत अर्धवट पोहोचते, कारण एक हात जे सांगतो ते दुसरा नकळत अडवत असतो.

हँडल: डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकला

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. साधारण २०-२५ किलोमीटरच्या वर वेग गेला की दुचाकी अशीच वळते. डावं हँडल पुढे ढकललं की पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं, टायरचा रस्त्याला टेकलेला भाग उजवीकडे सरकतो आणि वरचा सगळा भार डावीकडे कलतो. गाडी झुकली की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळून वळण धरतं. सायकलवाला हेच करतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. विमानाच्या जनकांपैकी एक, विल्बर राइट, स्वतः सायकलींचा व्यावसायिक होता. डावीकडे वळताना तुम्ही आधी काय करता, असं त्याने अनेक सायकलस्वारांना विचारलं होतं. हँडल आधी किंचित उजवीकडे जातं, हे कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

नकळत जमतंय तर मुद्दाम शिकायचं कशाला? कारण आणीबाणीत नकळत केलेली गोष्ट पुरत नाही. अचानक खड्डा किंवा कुत्रं समोर आलं की हात हँडल त्याच्यापासून दूर ‘फिरवायला’ जातात, आणि गाडी नेमकी त्या अडथळ्याकडेच झुकते.

सरावाला मोकळं, कोरडं, स्वच्छ मैदान घ्या. सरळ रेषेत ३०-३५ च्या वेगाने जा, उजवा हात सैल सोडा आणि डाव्या तळहाताने हँडल हलकेच पुढे ढकला. गाडी डावीकडे गेली की मग उजवीकडे तसंच. ढकलण्याचा जोर गाडी किती झटपट झुकेल ते ठरवतो. किती वेळ ढकलता यावर ती किती झुकेल ते ठरतं. हवा तेवढा झुकाव मिळाला की दाब सोडून द्या, नीट जुळवलेली गाडी तो स्वतः धरून ठेवते. मग पाण्याच्या बाटल्या किंवा खुणेचे शंकू दहा-बारा मीटर अंतराने ओळीत लावा आणि त्यांच्यामधून नागमोडी जा. ओळ सहज जमू लागली की वेग वाढवू नका, अंतर कमी करा.

एक खोड जवळजवळ प्रत्येकात दिसते. उजवीकडे वळताना उजवा हात ढकलतो आणि डावा हात भीतीने तितकंच उलट ढकलतो. गाडी ‘जड’ वाटते ती यामुळे. बाहेरच्या हाताची बोटं मुद्दाम सैल करून पाहा, तीच गाडी हलकी होईल.

नजर: रस्त्याच्या दोन कडा जिथे मिळतात तिथे

अनोळखी वळण किती तीव्र आहे हे ओळखण्याची एक भरवशाची खूण आहे. डावी आणि उजवी कडा तुमच्या नजरेच्या टोकाला जिथे एकमेकींना भेटलेल्या दिसतात, त्या बिंदूवर लक्ष ठेवा. ब्रिटिश पोलिसांच्या चालक प्रशिक्षणात ही पद्धत वर्षानुवर्षं शिकवली जाते. बिंदू तुमच्याकडे धावत येतोय, म्हणजे वळण आवळत चाललंय आणि वेग जास्त आहे: कमी करा. बिंदू तुमच्याच वेगाने पुढे सरकतोय, म्हणजे वेग बरोबर आहे. बिंदू दूर पळायला लागला, म्हणजे वळण उघडतंय आणि आता थ्रॉटल देता येईल. विजेचे खांब आणि झाडांची रांग पुढच्या रस्त्याचा अंदाज देतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. तारा सरळ पुढे जातात आणि रस्ता वळतो, असं बरेचदा होतं.

याला जोडून एक नियम: जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. कोरडा रस्ता, चांगले टायर, भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद आणि मग जोरदार ब्रेक असं धरलं तर ताशी ४० ला थांबायला साधारण २० मीटर लागतात, ६० ला सुमारे ३७. वेग दीडपट झाला आणि अंतर जवळपास दुप्पट. अरुंद, एकाच वाहनाच्या रुंदीच्या रस्त्यावर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता यायला हवं, कारण समोरून येणाऱ्यालाही थांबायला जागा लागते.

गाडी नजरेच्या मागे जाते. खड्ड्याकडे टक लावलीत की खड्ड्यातच जाल. मान वळवायला शिका, नुसते डोळे नव्हे. हनुवटी वळणाच्या बाहेर पडण्याच्या दिशेने गेली की खांदे थोडे वळतात आणि आतला हात आपोआप ढकलायला लागतो. चाकाच्या पुढची दहा फूट जमीन बघत चालवणाऱ्याला प्रत्येक वळण अचानक येतं.

वेग: वळणाआधीच ठरवायची गोष्ट

३० मीटर त्रिज्येचं एक वळण घ्या, घाटात अशी कितीतरी असतात. ४० च्या वेगाने ते घ्यायला साधारण २३ अंश झुकाव लागतो, ५० ला ३३, ६० ला ४३. टायरला रुंदी असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच. अनेक क्रूझर, म्हणजे बुटक्या, लांब बैठकीच्या गाड्यांचे फुटपेग तीस-पस्तीस अंशांतच रस्त्याला घासू लागतात. म्हणजे ४० वर निवांत वाटणारं वळण ६० वर त्या गाडीला घेताच येत नाही, चालवणारा कितीही तयारीचा असो.

नवशिक्याने क्रम असा ठेवावा: सरळ असताना ब्रेक, मग गिअर खाली, मग मान वळवून नजर बाहेर, मग हँडल ढकलणं आणि गाडी झुकली की हलका थ्रॉटल. गिअर टाकताना क्लच धाडकन सोडू नका. मागचं चाक क्षणभर अडतं आणि शेपूट हलते. किंचित थ्रॉटल देऊन इंजिनचा वेग जुळवा आणि मग क्लच सोडा.

हा क्रम अंगवळणी पडला की पुढची पायरी: ब्रेक वळणाच्या तोंडाशी एकदम न सोडता, गाडी झुकत जाईल तसा हळूहळू सोडत नेणं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी शिकण्यासारखी याहून उपयोगी गोष्ट मला दुसरी दिसत नाही, आणि नेमकी हीच अनेकांना शर्यतीतली करामत वाटते. पुढचा ब्रेक दाबलेला असताना फोर्क (पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले दांडे) दबलेला असतो, गाडीचं नाक खाली असतं आणि त्या स्थितीत ती चटकन वळते. ब्रेक फटकन सोडला की फोर्क उसळतो, नाक वर येतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला रुंद जाते, तेही नेमकी आत हवी असताना. म्हणून शेवटच्या सेकंदात बोटांमधला दाब थोडा थोडा कमी करत आणा, इतका की लिव्हर कधी मोकळा झाला हे कळूही नये. सरावात सुरुवात अगदी हलक्या दाबाने करा, ब्रेकचा दिवा जेमतेम लागेल एवढ्या.

‘वळणात पुढचा ब्रेक कधीच नाही’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, म्हणून थोडा हिशेब करू. समजा कोरड्या रस्त्यावर टायर गाडीच्या वजनाच्या ०.९ पट बल पेलू शकतो. २३ अंशांच्या झुकावात वळण्यासाठी त्यातलं ०.४२ पट खर्च होतं. उरलेलं मात्र ०.४८ नसतं, जवळजवळ ०.८ असतं. कारण बाजूचं बल आणि ब्रेकचं बल एकमेकांना काटकोनात असतात आणि त्यांची साधी वजाबाकी होत नाही. ३३ अंशांवर ०.६ च्या आसपास उरतं, ४० वर जेमतेम ०.३. म्हणजे मध्यम झुकावात ब्रेकला भरपूर जागा आहे, पण शेवटच्या काही अंशांत ती झपाट्याने संपते. म्हणून जुना सल्ला असा दुरुस्त करावा: झुकलेल्या गाडीला ब्रेक चालतो, झटका चालत नाही. झटक्याने दाबलेल्या ब्रेकखाली पुढच्या टायरवर भार यायच्या आतच चाक अडकतं आणि गाडी खालून निघून जाते.

थ्रॉटल

सर्वांत जास्त झुकलेल्या ठिकाणी थ्रॉटल एवढाच हवा की वेग टिकून राहावा. बाहेर पडायचा रस्ता दिसला आणि गाडी उभी व्हायला लागली की मग वाढवा. क्रम नेहमी असा: गाडी जेवढी उभी, तेवढा थ्रॉटल.

मागचं चाक घसरल्यासारखं वाटलं तर थ्रॉटल फटकन मिटू नका. घसरलेल्या चाकाला अचानक ग्रिप मिळाली की गाडी झटक्यात उभी होते आणि चालवणाऱ्याला वरून फेकते. साध्या घसरून पडण्यापेक्षा हे पडणं फार वाईट. थ्रॉटल थोडा कमी करा, नजर पुढे ठेवा, गाडी बहुधा स्वतःच सावरते.

रस्त्यावरची रेषा

शर्यतीच्या ट्रॅकवर सगळा रस्ता आपला असतो आणि समोरून कोणी येत नाही. वाहत्या रस्त्यावर ट्रॅकची रेषा घेणं मूर्खपणा आहे. इथे उशिरा आत या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जास्त वेळ थांबा, पुढचा रस्ता दिसेपर्यंत आत वळू नका, आणि वळणाचा सगळ्यात आतला बिंदू वळणाच्या शेवटाकडे ठेवा. लवकर आत घुसलेला माणूस बाहेर पडताना रुंद जातोच. डाव्या वळणावर तो समोरच्या लेनमध्ये जातो, उजव्या वळणावर कडेच्या मातीत.

उजव्या वळणाचा एक धोका भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. टायर स्वतःच्या लेनमध्ये असतात, पण ३३ अंश झुकलेल्या गाडीवर तुमचं डोकं टायरच्या रेषेपासून पाऊण मीटर उजवीकडे असतं. मधल्या पट्ट्याला चिकटून वळलात तर टायर नियमात आणि डोकं समोरून येणाऱ्या ट्रकच्या आरशासमोर. उजव्या वळणात, विशेषतः आंधळ्या, मधल्या पट्ट्यापासून टायर किमान मीटर-सव्वा मीटर दूर ठेवा, मग रेषा कितीही ‘बिघडली’ तरी चालेल.

वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला तर

आधी नजर बाहेर पडण्याच्या बाजूला न्या. मग आतलं हँडल आणखी ढकला आणि गाडीवर विश्वास ठेवून झुकवा. सोबत थ्रॉटल हळूच मिटा आणि पुढचा-मागचा ब्रेक हलका, वाढत्या दाबाने लावा. ब्रेक लागताच गाडी उभी व्हायला बघेल, म्हणून आतला हात ढकलतच ठेवा. बाहेरच्या बाजूला खरोखर मोकळी, सरळ जागा असेल तरच गाडी उभी करून जोरात ब्रेक मारायचा पर्याय आहे. दरीच्या बाजूला तो नाही.

ब्रेकची साधी एबीएस यंत्रणा चाक अडकू देत नाही, पण गाडी किती झुकली आहे हे तिला कळत नाही. झुकाव मोजून ब्रेकचा दाब आवरणारी यंत्रणा बॉश या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये आणली आणि आता ती बऱ्याच मोठ्या गाड्यांवर मिळते. तुमच्या गाडीवर कोणती आहे ते पुस्तिकेत पाहा.

वळणात रेव किंवा सांडलेलं डिझेल दिसलं तर ते येण्याच्या आधी गाडी शक्य तितकी उभी करा आणि वेग तिथेच कमी करा. प्रत्यक्ष रेवेवर असताना ब्रेक नाही, थ्रॉटल नाही, हँडलला घट्ट पकडणं नाही. पार झाल्यावर पुन्हा झुकवा. ओल्या रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं आणि पुलाचे लोखंडी सांधे झुकलेल्या अवस्थेत टाळा. पहिल्या पावसात रस्त्यावर साठलेलं तेल वर येतं, तेव्हा सगळ्यात जास्त जपावं लागतं.

हळू वेगाचं नियंत्रण

सगळ्यांना वेगवान वळणं शिकायची असतात आणि यू-टर्नला पाय टेकवत जायचं असतं. चालण्याच्या वेगावर तंत्र वेगळं आहे: क्लच अर्धा सोडलेला, थ्रॉटल स्थिर, मागचा ब्रेक सतत हलका दाबलेला. गाडी आत झुकते आणि शरीर मात्र बाहेरच्या बाजूला सरकतं. मान पूर्ण वळवून, खांद्यावरून, जिथे जायचंय तिथे बघा. पुढच्या ब्रेकला हात लावू नका. वळलेल्या हँडलवर तो दाबला की गाडी जागच्या जागी पडते. मैदानात आठच्या आकड्यात फिरा, आधी ऐसपैस, मग आठ-नऊ मीटर रुंदीत, मग त्याहून कमी.

चढावरचं तीव्र वळण हेच कौशल्य मागतं. पहिला किंवा दुसरा गिअर आधीच टाकलेला हवा, कारण वळणात मध्येच क्लच दाबला की जोर जातो आणि झुकलेली गाडी कलंडते. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनला गाडी रोखू द्या आणि मागचा ब्रेक हलका लावून ठेवा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून तापवू नका.

मागे कोणी बसलं असेल तर मागचं सस्पेन्शन कडक करा आणि त्याला एकच गोष्ट सांगा: वळताना माझ्या आतल्या खांद्यावरून पुढे बघ. तो आपोआप गाडीबरोबर झुकतो. ‘माझ्यासारखा झुक’ असं सांगितलं की तो अति तरी करतो, नाहीतर उलटा बसतो.

सराव कोणत्या क्रमाने

सुरुवात मैदानात, सरळ रेषेत ब्रेक मारण्यापासून. पुढचा ब्रेक आधी हलका, फोर्क दबेपर्यंत, आणि मग वाढवत जोरात. ही दोन टप्प्यांची सवय बोटांना लागली की वळणातला ब्रेकही आपोआप मऊ होतो. मग हँडल ढकलणं, मग आठचा आकडा. रस्त्यावर जाताना एका वेळी एकच गोष्ट घ्या. एके दिवशी फक्त नजर, वेग नेहमीपेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी फक्त उशिरा आत येणं. सगळं एकदम करायला गेलात तर डोकं व्यस्त होतं आणि डोळे पुन्हा पुढच्या चाकाजवळ येतात. ओळखीचा, कमी रहदारीचा एक टप्पा निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा दोन्ही दिशांनी चालवा. बहुतेकांचं एका बाजूचं वळण दुसऱ्यापेक्षा कच्चं असतं, कच्च्या बाजूला जास्त वेळ द्या.

दमल्याच्या खुणा ओळखा. ब्रेक उशिरा लागायला लागले, गिअर चुकायला लागले, वळणातून बाहेर पडताना दोनदा-तीनदा रुंद गेलात, तर थांबा आणि पाणी प्या. तासाभराने पुन्हा तेच झालं तर त्या दिवशीचा सराव बंद.

ग्रुपबरोबर जाताना पुढच्याच्या दिव्यावर नजर ठेवून वळू नका. तो चुकला तर त्याच्या मागोमाग तुम्ही चुकता. दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर ठेवा आणि त्याच्या पलीकडचा रस्ता वाचा. निघण्याआधीच थांबण्याची ठिकाणं ठरवून घ्या आणि नव्या माणसाला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे म्होरक्याला आरशात त्याचा वेग दिसतो. शेपटाला राहिलेला नवखा अंतर भरून काढायला धावतो आणि तेही नेमकं वळणांवर.